सोडलेले बिंदू

“चौथं प्रकरण काढून टाक,” केळुसकर सर म्हणाले आणि माझ्या थीसिसच्या मसुद्यातली बत्तीस पानं त्यांनी अंगठ्याने उचलून बाजूला ठेवली. उरलेला गठ्ठा टेबलावर दोनदा आपटून सरळ केला. “आता बघ, कसा आटोपशीर झाला.”

सोमवार होता, सकाळचे साडेदहा. गुरुवारी दुपारी तीन वाजता माझा सिनॉप्सिस सेमिनार होता. चार वर्षांचं काम समितीपुढे मांडायचं, समितीने मान हलवली की गाईडने सही करायची आणि मग थीसिस विद्यापीठात जाणार. सही नसेल तर ती बत्तीस पानंच काय, सगळी दोनशे दहा पानं रद्दीत.

“सर, पहिली तीन प्रकरणं ज्या आकड्यांवर उभी आहेत, ते आकडे चुकलेत असं चौथं प्रकरण सांगतं. ते काढलं तरी आकडे चुकलेलेच राहतात.”

“चुकलेले नाहीत, अपुरे आहेत. विज्ञानात सगळंच अपुरं असतं, विभावरी.” त्यांनी थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला आणि एक माझ्याकडे सरकवला. “घे. तुला राग आला की तू चहा घेत नाहीस, हे माझ्या लक्षात आलंय.”

मी चहा घेतला नाही.

आमचं काम काय होतं ते सांगायला हवं. क्वांटमचे नियम गुरुत्वाकर्षणालाही लागू असतील, तर अगदी सूक्ष्म पातळीवर अवकाश गुळगुळीत असणार नाही. त्याचा आकारच तिथे सतत थरथरत असेल. पण दुर्बिणीतून खूप मोठ्या अंतरांवर पाहिलं तर विश्व सगळीकडे साधारण सारखं दिसतं. मग हा सारखेपणा नेमका कुठे सुरू होतो? आम्ही संगणकावर त्रिकोणांचे, खरं तर त्रिकोणांच्या चार मितींतल्या भावंडांचे, लाखो तुकडे एकमेकांना जोडून अवकाशाचे नमुने तयार करायचो. मग एखाद्या तुकड्यावर बोट ठेवायचं, तिथून सगळ्या दिशांनी पाच पावलं, आठ पावलं, दहा पावलं जायचं आणि वाटेत किती तुकडे लागले ते मोजायचं. मग दुसऱ्या तुकड्यापासून तेच, मग तिसऱ्यापासून. कुठूनही मोजलं तरी उत्तर सारखंच आलं, तर अवकाश सारखं. सरांचा दावा होता की आठ पावलांपुढे ते सारखं होतं. त्या दाव्यावर सात पेपर निघाले होते. त्यांतल्या चारांवर माझं नाव होतं.

चौथ्या प्रकरणासाठी मी एक साधा नकाशा काढला होता. मोजणी जिथून सुरू झाली त्या प्रत्येक जागी एक ठिपका. ठिपके सगळीकडे सारखे पडायला हवे होते, पण मधेमधे मोठे मोकळे पट्टे राहिले. कारण शोधत गेले तेव्हा प्रोग्रॅममध्ये एक ओळ सापडली. सुरुवातीच्या जागेभोवती पावलागणिक वाढत जाणारं तुकड्यांचं कवच मधेच फाटून दोन तुकडे झाले, तर ती सुरुवातीची जागा सोडून द्यायची आणि दुसरी निवडायची, असं ती ओळ सांगत होती. कवच फाटतं कधी? जवळपास अवकाशाला चिंचोळा गळा असतो आणि गळ्यापलीकडे ते भलतंच फुगलेलं असतं, तेव्हा. म्हणजे जिथे अवकाश वेडंवाकडं होतं, तिथून आम्ही मोजतच नव्हतो. शंभरातल्या अडतीस जागा अशा सुटत होत्या. उरलेल्या बासष्टांवरून आम्ही जगाला सांगत होतो की सगळीकडे सारखं आहे.

माझी आई इस्लामपूरला शाळेत शिक्षिका होती. जनगणनेच्या ड्यूटीवर असताना एखाद्या दाराला कुलूप दिसलं तर ती त्या घरी तीन-तीनदा जायची, शेजाऱ्यांना विचारायची आणि तरी कुणी भेटलं नाही तर कागदावर तसं लिहायची. कुलूपबंद घर गल्लीतून वजा करून टाकायचं तिच्या डोक्यातही आलं नसतं. तिचं शिक्षण डी.एड. पर्यंतच झालं होतं.

“ती ओळ घातली कुणी, सर?”

“मी प्रोग्रॅम लिहीत नाही, तुला माहीत आहे.” त्यांनी कपाच्या कडेला लागलेलं चहापत्तीचं पान बोटाने टिपलं. “बहुधा क्षिप्राने. घाईत सोडून गेली ती. बरंच काही अर्धवट टाकून.”

क्षिप्रा लोटलीकर माझ्या दोन वर्षं पुढे होती. तीन वर्षांपूर्वी, २००६च्या डिसेंबरात, पीएच.डी. सोडून गेली. आमच्या गटात तिचा विषय निघाला की ठरलेलं वाक्य यायचं, “झेपलं नाही तिला.” नव्याने आलेल्या दोघा विद्यार्थ्यांना ते मीच सांगितलं होतं.

त्या दिवशी मी केबिनमधून बाहेर पडले तेव्हा मला दोघांचाही राग आला होता. सरांचा, कारण ते चूक झाकायला सांगत होते. आणि क्षिप्राचा त्याहून जास्त. चार पेपर, तीन प्रकरणं, इतकी वर्षं मी तिच्या निष्काळजीपणावर बांधकाम करत बसले होते आणि बाई कोकणात निवांत.

मंगळवारी सकाळी मी हे मकरंदला सांगितलं. मकरंद परुळेकर माझ्याच वर्षाचा, माझ्याच खोलीत शेजारच्या टेबलावर बसायचा. त्याचा विषय वेगळा होता, पण संस्थेच्या मोठ्या संगणक-यंत्राची देखभाल त्याच्याकडे होती.

“फोन कर आणि शिव्या घाल तिला,” तो म्हणाला. “मोकळी होशील.”

“आधी पुरावा.”

“धन्य आहेस. तुला शिव्या द्यायलाही संदर्भसूची लागते.”

प्रोग्रॅममधली कुठली ओळ कुणी, कधी घातली, याची नोंद यंत्र आपोआप ठेवतं. जुन्या नोंदी दुसऱ्या तबकडीवर हलवल्या होत्या, त्या फक्त त्याला उघडता यायच्या. त्याने खुर्ची ओढली आणि दोन-चार आज्ञा टाइप केल्या.

“क्षिप्राताईंना आज कोर्टात उभं करायचंच म्हणतेस?”

“मकरंद, ओळ शोध.”

“शोधतोय. ही बघ. चौदा जुलै दोन हजार सहा, सकाळी अकरा बावन्न.” त्याने पडदा किंचित स्वतःकडे वळवला.

“वाच ना.”

“विभे, आपल्याकडे दुसरी कुणी तोडकर होती का गं?”

“नाही.”

“मग राहू दे. मी हे बघितलंच नाही, असं समज.”

“बघितलंस,” मी म्हणाले आणि पडदा परत माझ्याकडे वळवला. तिथे माझं नाव होतं.

मला तो दिवस तोपर्यंत आठवत नव्हता. लपवून ठेवला होता असंही नाही. एका ओळीचं, पाच मिनिटांचं काम, ते कशाला लक्षात राहील? पण तारीख वाचल्याबरोबर तो सगळाच्या सगळा परत आला. सरांची तीच केबिन. मी संस्थेत येऊन अकरा महिने झालेले. क्षिप्रा टेबलासमोर उभी, ओढणीचं टोक मुठीत.

“सर, फाटलेल्या जागा काढून टाकल्या तर उरेल ते सारखंच असणार,” ती म्हणत होती. “मग मोजायचं कशाला? उत्तर आपणच लिहून टाकू.”

“त्या जागा म्हणजे यंत्राचा कचरा आहे. नमुना पुरता स्थिरावला नाही की तसं दिसतं.”

“ते आपण तपासलंय का?”

खुर्ची थोडी फिरवून सर माझ्याकडे वळले. “विभावरी, तुला जमेल ना? एका ओळीचं काम आहे.”

“हो, सर.”

मी खाली जाऊन ती ओळ घातली. जिन्यात क्षिप्राने मला गाठलं.

“तू विचार तरी केलास का?”

“सर म्हणाले ना.”

“सर म्हणाले ना,” ती माझ्या आवाजात म्हणाली. इतकी हुबेहूब की मलाच माझा आवाज किती मऊ आहे ते कळलं. मग ती वर निघून गेली.

डिसेंबरात, ती जायच्या आधी, संस्थेच्या डीननी मला बोलावून विचारलं होतं की गटात काही अडचण आहे का. मी म्हणाले होते, “नाही, सर. तिला इथली कामाची पद्धत पटत नाही, एवढंच.”

‘एवढंच’ हा शब्दसुद्धा मला जसाच्या तसा आठवला.

बुधवारी मी सरांकडे गेले. जाताना मनात एक वाक्य तयार होतं. मी सांगणार होते की ओळ माझी आहे, क्षिप्राची नाही, म्हणून ते प्रकरण राहायला हवं आणि त्यात मी तसं लिहीन.

“ओळ माझी आहे, सर.”

“मला माहीत आहे,” सर म्हणाले.

त्यांनी मला समोरच्या खुर्चीकडे खूण केली.

“मीच तर तुला सांगितली होती. विसरेन कसा?”

“मग सोमवारी तुम्ही क्षिप्राचं नाव घेतलंत.”

“तुझ्यासाठी घेतलं. ती गेली, तिला आता काय फरक पडतो? कॉलेजात शिकवते, घर आहे, संसार आहे. तुझं सगळं पुढे आहे.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, शांत, काळजीचा. “नीट ऐक. ते प्रकरण ठेवलंस तर समितीचा पहिला प्रश्न हाच येणार की ही ओळ कुणाची. मग मी खोटं बोलू का? मला सांगावं लागेल की विद्यार्थिनीची. म्हणून म्हणतो, काढ. सही घे, बाहेर पड. दोन वर्षांनी आपण दोघं मिळून हाच मुद्दा मांडू. सुधारणा म्हणून. तुझं नाव पहिलं.”

इतका वेळ माझा राग सरळ रेषेत चालला होता. आता तो कुठे न्यायचा ते कळेना. हा माणूस मला धमकी देत होता आणि त्याला खरोखर वाटत होतं की तो माझ्यावर उपकार करतोय. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या बोलण्यातलं एकही विधान खोटं म्हणून खोडता येत नव्हतं.

“काय?” सर म्हणाले.

“बरं, सर,” मी म्हणाले.

ती बत्तीस पानं मी त्यांच्याच टेबलावर ठेवून आले.

गुरुवारी सेमिनार हॉलमध्ये अकरा माणसं होती. समितीत सर, आमचे डीन आणि बाहेरून आलेल्या शहनाज मुजावर. मुजावर मॅडम पन्नाशीच्या, बारीक चणीच्या. सांख्यिकी हा त्यांचा विषय. पहिल्या रांगेत वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि मी बोलत होते ती चाळीस मिनिटं त्यांनी एकदाही मान वर केली नाही, नुसतं लिहीत राहिल्या. मी तीन प्रकरणं मांडली. एकही चूक केली नाही. आठ पावलांपुढे सपाट होत जाणारी ती रेषा पडद्यावर दाखवताना माझा हात स्थिर होता आणि मला त्या हाताची किळस आली.

“प्रश्न?” डीन म्हणाले.

“एकच,” मुजावर मॅडम म्हणाल्या. “मोजणी जिथून सुरू करता त्या जागा निवडता कशा?”

विद्यार्थी अडखळला की गाईडने उत्तर द्यायचं, अशी आमच्याकडे पद्धत होती. मी अजून अडखळलेही नव्हते.

“रँडम, मॅडम,” सर बसल्या जागेवरून म्हणाले. “प्रत्येक जागेला सारखी संधी.”

“मी त्यांना विचारलं.” मॅडमनी सरांकडे पाहिलंही नाही. “बोला, तोडकर.”

मकरंद शेवटच्या रांगेत बसला होता. त्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

“सारखी संधी नाही,” मी म्हणाले. “काही जागा आम्ही सोडून देतो.”

“कुठल्या?”

“जिथे कवच फाटतं त्या. म्हणजे जिथे अवकाश सारखं नसतं, त्या.”

कुणीतरी हसलं. थट्टेचं नव्हतं ते हसू. उत्तर ऐकल्याबरोबर सगळं कळलेल्या माणसाचं होतं.

“किती सोडता?”

“शंभरातल्या अडतीस.”

मॅडमनी तो आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. “मग ही जी सपाट रेषा तुम्ही दाखवलीत, ती अवकाशाबद्दल काय सांगते?”

“काही नाही. आम्ही काय सोडलं ते सांगते.”

“विभावरी,” सर म्हणाले. “खाली बस. मॅडम, ही प्रोग्रॅममधली एक जुनी चूक आहे, तिने स्वतःच...”

“हो, मी स्वतःच,” मी म्हणाले. सरांचं वाक्य मी त्याआधी कधीही तोडलं नव्हतं. “ती ओळ मी लिहिली. चौदा जुलै दोन हजार सहाला. सरांनी सांगितली म्हणून. माझ्याआधी त्यांनी ती क्षिप्रा लोटलीकरला सांगितली होती आणि तिने नकार दिला. असं करणं का चूक आहे ते तिने माझ्यादेखत सांगितलं होतं. मी तिथेच उभी होते. यावर बत्तीस पानांचं एक प्रकरण लिहिलंय, ते सरांच्या टेबलावर आहे.”

“ही तिची बाजू झाली,” सर डीनना म्हणाले. आवाज अजूनही शांतच.

“बाजू कसली?” मुजावर मॅडमनी वही मिटली. “यंत्रात नोंद असेल की. आणि ती बत्तीस पानं मागवा बरं.”

आम्हाला सगळ्यांना बाहेर काढून समिती पाऊण तास आत बसली. मग डीननी मला बोलावून सांगितलं की थीसिस पुढे जाणार नाही. सगळी मोजणी नव्याने, एकही जागा न सोडता करायची. मुदत दीड वर्ष. केळुसकरांना यापुढे माझे गाईड राहायचं नसेल तर तो त्यांचा अधिकार.

जिन्याजवळ सर थांबले होते.

“तू कुणाचं भलं केलंस?” त्यांनी विचारलं. “मी पेपर मागे घेईन. विद्यार्थिनीकडून प्रोग्रॅममध्ये चूक झाली, असं लिहीन. दोन ओळींत संपेल. माझं काही जाणार नाही.”

“लिहा,” मी म्हणाले.

त्यांनी तसंच लिहिलं. त्या दोन ओळी आजही वाचायला मिळतात. त्यांत क्षिप्राचं नाव नाही आणि सरांनी मला काय सांगितलं तेही नाही. पण ‘विद्यार्थिनी’ हा शब्द आहे आणि ती मी आहे, म्हणून मला त्यावर हरकत घेता आली नाही. सर पुढे विभागप्रमुख झाले आणि मानाने निवृत्त झाले.

केळुसकर सरांनी माझं गाईडपद सोडलं आणि पुढची दीड वर्षं मी मुजावर मॅडमच्या हाताखाली काम केलं. त्या गोड बोलायच्या नाहीत. “हे कसं कळलं?” एवढंच दिवसातून दहादा विचारायच्या. सोडलेल्या जागा परत घेतल्या तेव्हा आमच्या नमुन्यांत आठ पावलांचा सपाटपणा राहिला नाही. सारखेपणा येतच नाही असंही नव्हतं. पण तो फार दूरवर, आमचे नमुने संपत येतात तिथे, जेमतेम दिसायला लागत होता. मी ते तेवढंच लिहिलं.

पेपर तयार झाला तेव्हा वर दोन नावं घातली. पहिलं क्षिप्रा लोटलीकर, दुसरं माझं. मॅडमनी त्यांचं नाव घालू दिलं नाही. क्षिप्रा तेव्हा कुडाळच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होती. तिचा पत्ता मकरंदने मिळवला. मी मसुदा पोस्टाने पाठवला आणि सोबत एक पत्र. पत्रात जुलैबद्दल लिहिलं, डिसेंबरबद्दल लिहिलं, डीनना मी काय म्हणाले होते तेही लिहिलं. ‘झेपलं नाही तिला’ असं मी इतरांना सांगत होते, तेसुद्धा. शेवटी लिहिलं की हा पेपर मुळात तुझा आहे, तो तुझ्या नावाने जावा.

तीन आठवड्यांनी पाकीट परत आलं. पत्राला उत्तर नव्हतं. मसुदा होता, आणि त्यावर लाल शाईत दुरुस्त्या. तिने एकूण एक समीकरण तपासलं होतं. पान चारवर एक चिन्ह उलटं पडलं होतं, पान नऊवर आलेखाच्या अक्षाचं एकक चुकलं होतं, एका ठिकाणी मी ‘साधारण’ म्हटलं होतं तिथे तिने ‘किती?’ विचारलं होतं. अशा अकरा दुरुस्त्या. मी प्रत्येक पडताळून पाहिली. अकराही बरोबर होत्या.

बारावी पहिल्या पानावर होती. तिथे तिने स्वतःचं नाव पट्टी लावून खोडलं होतं आणि समासात लिहिलं होतं:

‘हे काम मी केलेलं नाही. मला करू दिलं नव्हतं. दोन्ही गोष्टी नीट लिही.’